गिअर ऑईल घरी बदलायचंय – स्विफ्ट २०१३ पेट्रोल, सकाळी दुसरा गिअर खर्र करतोय (सातारा)

कोरेगावरोड_सातारा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. गाडी स्विफ्ट पेट्रोल २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ९४ हजार झालेत. रोज सातारा ते मेढा जाऊनयेऊन, आणि महिन्यातनं एकदोनदा केळघर घाटातनं वर महाबळेश्वर. त्रास असा की सकाळी गाडी काढली की पहिल्यावरनं दुसरा टाकताना खर्र असा आवाज येतो आणि हाताला दांडीत कळतं पण, म्हणजे आत काहीतरी घासतंय हे. कण्हेरच्या पुढं गेलो की गाडी गरम होते आणि मग नाही येत. उन्हाळ्यात कमी होतं, थंडी पडल्यापासनं वाढलंय. घाटात तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर उतरताना घाई केली तर तेव्हाही येतो.

इथल्या एका गॅरेजला दाखवलं तर त्यांनी चालवून पण न बघता सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून खोलायला लागेल, १८ हजार धरून चला. मी विचारलं आधी ऑईल बदलून बघूया का, तर म्हणाले गिअर ऑईल बदलायचं नसतं, ते लाईफटाईम असतं. जुन्या मालकाकडची सगळी बिलं आहेत माझ्याकडं, इंजिन ऑईल दर वर्षी आहे, गिअर ऑईल एकाही बिलात नाही. म्हणजे १२-१३ वर्षं तेच तेल आत फिरतंय असं धरून चालायचं.

इंजिन ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड मी घरी बदलतो, पाने आहेत, भीती नाही. पण गिअरबॉक्सला कधी हात लावला नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑईलचा प्रकार) असं स्पष्ट लिहिलंय, पण दुकानदार ८०डब्ल्यू-९० (हा जाडीचा आकडा) जीएल-५ देतोय, म्हणतो हे वरचं आहे, ४ पेक्षा ५ चांगलंच की. घेऊ का? आणि ते भरायचं कसं, वरनं नरसाळं लावायला जागाच दिसत नाही. कुणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा, १८ हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही.

वर्कशॉपकाका_कराड

पोरा, आधी तेलाचं सोड, क्लच बघ. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढली, गिअर वाजतो म्हणून आलेल्या गाड्यांत गिअरबॉक्सचा दोष नसून क्लच पूर्ण सुटत नाही असं कितीतरी वेळा निघालंय. सपाट जागी गाडी उभी कर, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाब, चारपाच सेकंद थांब आणि मग रिव्हर्स टाक. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात बसायच्या आधी दोन्हीकडचा वेग एक करणारी कडी, नसतो, त्यामुळं क्लच जरा जरी धरून असला तर तिथं लगेच खर्र करतो. रिव्हर्स गप पडला म्हणजे क्लच सुटतोय, मग गिअरबॉक्सकडं वळायचं. क्लचची केबल ताणलेली असेल तर शंभर रुपयांचं पण काम नाही ते, आणि तू तिकडं १८ हजार घालवून बसशील.

आता तुझं लक्षण सांगतो. नुसता दुसराच वाजतोय, गार असतानाच वाजतोय, गरम झाल्यावर जातोय, म्हणजे दुसऱ्याची सिंक्रो रिंग आहे. ती पितळेची कडी असते, आतनं बारीक रेघा असतात. गिअर टाकताना ती गिअरच्या कोनाला जाऊन घासते आणि दोघांचा वेग एक करते, मगच दात दातात बसतात. आता मधी तेलाचा थर आहे, तो थर त्या रेघांनी कापला गेला तरच कडीची पकड बसते. तेल जुनं, मळलेलं, गार आणि जाड असलं की थर कापायला वेळ लागतो आणि तू तेवढा वेळ देत नाहीस, दात आधीच भिडतात, खर्र. दुसऱ्यालाच जास्त का, तर पहिल्यावरनं दुसऱ्यावर जाताना वेगाचा फरक मोठा असतो आणि गावात रोज सगळ्यात जास्त वेळा तोच पडतो, त्यामुळं झिजतो पण तोच आधी.

तेल बदलल्यानं झिजलेली कडी परत येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण झीज थोडी असेल तर नव्या तेलानं फरक पडतो, आणि बॉक्स खोलायच्या आधी ते करून बघणं हीच बरोबर पायरी आहे. लाईफटाईम वगैरे मी मानत नाही. तेलात लोखंडाचा आणि पितळेचा भुगा साठत जातो, ते तेल कुठं जाणार, तेच फिरत राहतं. ६०-७० हजाराला बदलावं, घाटातली गाडी असेल तर अजून लवकर. तुझ्या मॅन्युअलच्या तक्त्यात असेल तो आकडा धर.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेव. भरायचं बूच आधी उघडायचं, काढायचं बूच नंतर. एक पोरगं कराडात टोचन लावून गाडी घेऊन आलेलं. घरी तेल सोडलं सगळं, मग भरायचं बूच उघडायला गेला तर ते जाम, आत बसलेलं. पाना फिरवून फिरवून खाच गोल केली. आता तेल नाही आत, गाडी चालवता येत नाही, बूच निघत नाही. वेल्डिंगनं नट चिकटवून काढायला लागलं ते. आधी वरचं उघडलं असतं तर नाही निघालं म्हणून तसाच चहा पिऊन गाडी घेऊन मेकॅनिककडं गेला असता.

मिरजकर

दुकानदाराचं ऐकू नकोस भावा, जीएल-५ टाकू नकोस. हे ४ आणि ५ म्हणजे चौथी पाचवी यत्ता नाही, कामं वेगळी आहेत. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं, ते मागच्या क्राऊनसाठी, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या दात्यांच्या पेटीसाठी, बनवलंय, जिथं दात एकमेकांवर घसरत जोर लावतात, बोलेरो, ट्रक वगैरे. तेच ॲडिटिव्ह पितळेला चांगलं नाही, आणि दुसरं म्हणजे ते तेल जास्त निसरडं असतं, वर काकांनी सांगितलं तसं कडीला पकड हवी असते आणि तू तिथं निसरडं ओततोयस. काही नवी जीएल-५ तेलं पितळ खात नाहीत असं म्हणतात, मानलं, पण निसरडेपणा राहतोच ना.

माझं स्वतःचं झालेलं सांगतो. जुनी हॅचबॅक होती, असंच दुकानातनं मिळालं ते ९० नंबर आणून टाकलं, डबा नीट वाचला पण नाही. पहिले काही दिवस मऊ वाटलं, मी खूश. दोनतीन महिन्यांत तिसरा आणि दुसरा दोन्ही वाजायला लागले, आधी फक्त दुसरा वाजायचा. सोडून परत जीएल-४ भरलं, तिसरा बरा झाला, दुसरा नाही झाला. तेव्हापासनं डब्याचं मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तेल घेत नाही.

तू ७५डब्ल्यू नं सुरू होणारं घे, मागचा आकडा ८० का ९० ते मॅन्युअलच्या पानावर असेल तेच. ७५डब्ल्यू म्हणजे गार असताना पातळ राहतं, तुझा त्रास गार असतानाचाच आहे त्यामुळं तुला तेच पाहिजे. ८०डब्ल्यू सकाळी आणखी जाड लागेल. स्विफ्टला दोन लिटरच्या आसपास बसतं, अडीच तरी घेऊन ठेव, सांडतंच.

अजून एक, तुझ्या गाडीला लागू नसेल पण सांगलीमिरजेतले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची दुसरी गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. आम्ही स्टार्ट मारला नाही, टो करून नेली, गॅरेजनं इंजिन ऑईल बदललं, सीट वाळवल्या, सगळं केलं, गिअरबॉक्सचं नाव कुणी काढलं नाही. अडीच महिन्यांनी घूंऽ असा आवाज यायला लागला, बूच उघडलं तर आतनं बासुंदीसारखं निघालं, दुधाळ पिवळट. गिअरबॉक्सला वर एक श्वासाची नळी असते, ब्रीदर, त्यातनं पाणी आत गेलेलं. बेअरिंग गंजले तोवर. ज्यांच्या गाड्या २०२१ ला पण पाण्यात होत्या आणि सेकंडहँड बाजारात फिरतायत त्यांनी एकदा बूच उघडून बघाच. खर्च काही नाही, बोट घालून रंग बघायचा.

तासगावचा_बोलेरो

एवढं कशाला, आमच्याकडं पूर्वी जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला इंजिनचंच २०डब्ल्यू-४० टाकायचे, चालायचं की. आणि ९० नंबर किती जाड, ४० पातळ, मग ४० टाकल्यावर सकाळी गिअर मऊ पडणार नाही का? मला खरंच समजून घ्यायचंय, माझ्या शेतात जुनी एक गाडी उभी आहे तिला पण करायचंय.

वर्कशॉपकाका_कराड

तासगावकर, ते आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीत. इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑईलची वेगळी. गिअरचं ९० हे गरम झाल्यावर इंजिनच्या ४० ते ५० एवढंच जाड असतं. म्हणजे ९० बघून घाबरायचं नाही आणि ४० टाकून पातळ केलं असंही समजायचं नाही. काही कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सला इंजिन ऑईलच सांगितलेलं होतं हे खरं आहे, तिथं ते बरोबरच आहे. पण जिथं जीएल-४ लिहिलंय तिथं दातांवरच्या दाबासाठीचं ॲडिटिव्ह पाहिजे, ते इंजिन ऑईलात तेवढं नसतं. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) पण त्याच पेटीत, त्याच तेलात असतं, सगळं एकाच तेलावर. तुमची बोलेरो असेल तर गिअरबॉक्स वेगळा, मागचं क्राऊन वेगळं, दोन्हीला दोन तेलं, तिथं अदलाबदल करू नका.

वाईची_लेक

मी माझी वॅगनआर स्वतः केली आहे दोन वेळा, त्यामुळे हातानं केलेलं तेवढंच सांगते.

भरायचं कसं हा तुमचा प्रश्न. गवंडी लोक वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप असतो ना, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, तो दीडदोन मीटर घ्या. बॉनेट उघडून बॅटरीच्या बाजूनं तो खाली सोडायचा, खालनं हातानं ओढून भरायच्या भोकात बोटभर आत घालायचा, वरच्या टोकाला नरसाळं तारेनं बांधायचं. मग वरनं ओता. गिअर ऑईल जाड असतं, भसकन ओतलं तर नरसाळ्यातनं वर येतं, थांबत थांबत ओतायचं. थंडीत मी बाटल्या आधी तासभर उन्हात ठेवते नाहीतर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते, निम्म्या वेळात होतं काम. तरी अर्धा तास धराच. पाईप आतनं धुऊन पूर्ण वाळवून घ्या, पाण्याचा थेंब राहिला तर तो सरळ गिअरबॉक्समध्ये जाणार.

लेव्हल अशी असते की भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं की बारीक धार बाहेर येते, धार थांबून थेंब थेंब झालं की बूच लावायचं. पण हे फक्त गाडी सपाट असेल तरच खरं. पुढची बाजू जॅकवर वर आणि मागची खाली अशी ठेवून भरलं तर लेव्हल चुकते, आणि तुम्हाला वाटतं भरलं. मी त्याच लेव्हल पाईपात पाणी भरून गवंड्यासारखंच पुढच्या आणि मागच्या दाराखालची पट्टी मापून बघते, दोन्हीकडं पाणी सारख्या उंचीला आलं की गाडी सपाट. हे आधी करायचं, मग पाईप वाळवायचा, उलटं नाही.

आणि आता जे सांगते ते कृपया वाचून सोडून देऊ नका. गाडीखाली नुसत्या जॅकवर जाऊ नका. आमच्या आळीतल्या एकाची गाडी जॅकवरनं सरकली, फरशी गुळगुळीत होती, हँडब्रेक होता, पहिल्या गिअरमध्ये होती तरी सरकली. त्याचा हात होता खाली, नशीब डोकं नव्हतं. दीड वर्ष झालं, अजून मूठ नीट वळत नाही त्याची. गॅरेजवाले घोडी म्हणतात ते लोखंडी स्टँड, चारही बाजूंना लावायचे, मग गाडीला कडेनं जोरात हलवून बघायचं, हलली नाही तरच खाली. विटा, लाकडाची ठोकळी, सिमेंटचा ब्लॉक यातलं काहीच नाही, सिमेंटचा ब्लॉक तर एका झटक्यात फुटतो. स्टँड नसतील तर गाडी धुवायच्या सेंटरवाल्याला विचारा, दुपारी रॅम्प रिकामा असतो, तासाचे थोडे पैसे देऊन मी पहिल्या वेळी तिथंच केलं. खाली उभं राहून काम होतं, गाडी आपोआप सपाट असते, आणि घरचे काळजीत नसतात.

मिरजकर

रॅम्पचं एकदम बरोबर सांगितलं ताई. त्यात एकच भर, वायसर. दोन्ही बुचांना तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची वायसर असेल तर नवीन लावायची, ती दाबली जाऊनच बसते, जुनी परत लावली की पाझरते. काही बुचांना वायसर नसतेच, तिथं आट्यांवर सीलंट लागतं. उघडल्यावर काय निघतंय ते बघून ठरव. आणि आवळताना बेतानं, बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि बूच लोखंडाचं, जास्त जोर लावला तर आटे बुचाचे जात नाहीत, बॉडीचे जातात. उघडताना लांब पाईप लाव, आवळताना नाही.

कोरेगावरोड_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. काका, रिव्हर्सची टेस्ट केली, गप पडतो, आवाज नाही, क्लच ठीक दिसतोय. दुकानदाराला जीएल-५ परत दिलं, सातारा शहरात दोन दुकानं फिरल्यावर जीएल-४ मिळालं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, तीन लिटर आणलं. वायसर दोन. रविवारी गोडोलीच्या बाजूला एका ओळखीच्या वॉशिंग सेंटरवर दुपारी रॅम्प देतो म्हणालेत. झाल्यावर इथंच लिहितो.

एक विचारायचं राहिलं, चुंबकावर काय बघायचं? काढायच्या बुचाला चुंबक असतं असं वाचलं.

वर्कशॉपकाका_कराड

हो, बुचाच्या आतल्या टोकाला असतं. त्यावर राखाडी चिखलासारखं चिकटलेलं असणार, ते बघून घाबरायचं नाही. दोन बोटांत घेऊन चोळ. काजळासारखं मऊ लागलं, बोटाला काहीच टोचलं नाही, तर ती रोजची झीज आहे, एवढ्या किलोमीटरला एवढं असतंच. बोटाला बारीक कुसळासारखं टोचलं तर जपून, आणि डोळ्याला तुकडा दिसला, दाताचा टवका, तर भरू नकोस नवीन तेल उगाच, बॉक्स खोलावाच लागेल. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते तेलात सोनेरी चमक म्हणून दिसतं. तेल परातीत धरलंस की उन्हात तिरकं करून बघ, थोडी चमक चालते, जत्रेतल्या गुलालासारखी चमक असेल तर कडी बरीच खाल्ली गेलीय.

आधी १०-१५ किलोमीटर गाडी फिरवून ये म्हणजे तेल पातळ होऊन सगळा गाळ घेऊन बाहेर पडेल. आणि निघालेलं तेल मोजून घे, नुसतं ओतून टाकू नकोस, किती निघालं त्यावरनं बरंच कळतं.

तासगावचा_बोलेरो

निघालेल्या तेलाचं काय करणार ते पण ठरवून ठेवा दादा. आमच्याकडं लोक बांधावर नाहीतर गटारात ओततात, गावातलं गटार ओढ्याला, ओढा कृष्णेला, आणि तेच पाणी खाली कुणीतरी पितंय. मी द्राक्षबागेत विहिरीच्या वर पाच वर्षांपूर्वी असं सांडलेलं बघितलंय, पावसाळ्यात विहिरीवर तवंग आला होता, वर्षभर ते पाणी बागेला द्यायला जीव धजला नाही. जळकं तेल सरकारच्या २०१६ च्या नियमात घातक कचऱ्यात येतं. रिकाम्या बाटल्यांत परत भरा आणि मोठ्या गॅरेजचा तेलाचा ड्रम असतो तिथं द्या, त्यांच्याकडनं ते रिसायकलवाले घेऊन जातात.

कोरेगावरोड_सातारा

झालं काम, आत्ताच घरी आलोय, हाताला अजून वास आहे, गिअर ऑईलचा वास एवढा उग्र असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, गंधकाचा असणार.

सुरुवातीपासनं सांगतो म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल. दुपारी यवतेश्वर घाट चढून उतरून आलो, गाडी रॅम्पवर घेतली. भरायचं बूच आधी. आणि काका, तुम्ही ते सांगितलं नसतं तर मी आज तिथंच अडकलो असतो, कारण ते खरोखर जाम होतं. पहिल्या जोरात हललंसुद्धा नाही. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, आज परत मारला, वीस मिनिटं थांबलो, तारेच्या ब्रशनं खाच स्वच्छ केली म्हणजे पाना पूर्ण आत बसेल, मग पान्याच्या दांड्यावर हातपंपाच्या पाईपचा तुकडा चढवला आणि झटका न देता हळूहळू जोर वाढवत नेला. टक् असा आवाज आला. एक सेकंद वाटलं तुटलं. पण सुटलं होतं.

खालचं लगेच निघालं. तेल डांबरासारखं नाही पण काळपट तपकिरी, आणि एकदम पातळ धार. वीस मिनिटं थेंब थांबेपर्यंत सोडलं. चुंबकावर राखाडी लगदा, जवळजवळ अर्धा चमचा, बोटांत चोळून बघितला, मऊ, काही टोचलं नाही. परत परत चोळून बघितला खरं सांगतो. परात उन्हात तिरकी केली तर बारीक सोनेरी चमक दिसली, गुलालाएवढी नाही, पण आहे.

आता मोजमाप. निघालेलं तेल लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांत भरलं तर दीड लिटरच भरलं, जेमतेम. नवीन भरलं तेव्हा धार यायला दोन लिटरच्या वर गेलं. म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल आत नव्हतंच. मग बॅटरी घेऊन सगळीकडनं बघितलं, डावीकडचा ड्राईव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जिथं गिअरबॉक्समध्ये जातो तिथं, तेल अडवणाऱ्या सीलभोवती, गोल ओलसर आहे, धूळ चिकटून काळी पेस्ट झालीय. घराच्या फरशीवर कधी डाग दिसला नाही म्हणून लक्षातच आलं नव्हतं, बहुतेक चालताना थोडं थोडं उडत असणार.

लेव्हल पाईपची आयडिया ताई एकदम भारी, वॉशिंगवाला पण बघत उभा होता, म्हणाला मी पण ठेवतो आता एक. बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या तरी पंचवीस मिनिटं लागली. जळकं तेल तिथल्याच ड्रममध्ये दिलं.

येताना दुसरा गिअर असा पडला की मी दोनदा परत टाकून बघितला. पण ती गरम गाडी होती, खरं काय ते उद्या सकाळी कळेल.

कोरेगावरोड_सातारा

आठ दिवस झाले म्हणून लिहितोय. सकाळी पहिल्याच दुसऱ्या गिअरला बारीकसा धक्का हाताला लागतो अजून, आवाज मात्र नाही, आणि एकदोन किलोमीटरमध्ये तोही जातो. आधी कण्हेरपर्यंत वाजायचा. न्यूट्रलला क्षणभर थांबून टाकला तर पहिल्या वेळी पण काही लागत नाही. काल केळघरला तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर सात-आठ वेळा उतरलो, एकदाही नाही. बायको शेजारी होती, तिनं स्वतः विचारलं की आवाज कुठं गेला.

काका, त्या सीलचं काय करू? नवीन तेल सगळं वाया जाणार का परत?

वर्कशॉपकाका_कराड

फार छान केलंस पोरा. धक्का राहणार थोडा, कडी थोडी झिजलीच आहे, ती चमक तेच सांगत होती. असं थांबून टाकत राहिलास तर अजून बरीच वर्षं जाईल ती.

सील पावसाळ्याच्या आत बदल. आतनं तेल बाहेर येतंय, तिथनंच पाणी आणि चिखल आत जायला वेळ लागत नाही, आणि मेढ्याच्या बाजूला पाऊस किती असतो ते तुला माहीत आहे. सील काही महाग नसतं पण शाफ्ट काढावा लागतो, ते काम माहितगाराकडनं घे, सील तिरकं बसलं तर नवं असून गळतं. तेलाची काळजी करू नकोस, डावी बाजू जरा जास्त उचलून धरली की तेल उजवीकडं सरकतं, शाफ्ट काढल्यावर थोडंच सांडेल. खाली स्वच्छ परात ठेव आणि किती सांडलं ते मोज. तुझ्याकडं तीनातलं जे उरलंय त्यातनं तेवढंच भर आणि सपाट जागी परत धार बघ.

वाईची_लेक

आणि सील बदलल्यावर पंधरा दिवसांनी एकदा रात्री त्या जागेखाली जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवा दादा. फरशीवर दिसत नाही तो थेंब कागदावर सकाळी दिसतो.